खऱ्या थापा

मी एक जुनी, निळी, चाकांची बॅग आहे. पारनेर तालुक्यातल्या एका घराच्या माळ्यावर सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या पोटात भुईमुगाचं बियाणं भरलंय आणि उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडलाय. मित्रांनो, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते माझ्या धन्याचं. त्याला मी रशियापर्यंत सोबत केली, परतही आले. पण आम्ही वेळेवर पोहोचलो नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बायकांनी मशीनवर माझे कप्पे शिवले, एका कामगाराने चाकं बसवली आणि टेम्पोत घालून मला नगरच्या कापड बाजारात धाडलं. दुकानाच्या दारात साखळीला बांधलेली मी कितीतरी दिवस धूळ खात उभी होते. एके दिवशी माझा धनी आदिनाथ आणि त्याची बायको आरती आले. आरतीनं माझी चेन पुन्हा पुन्हा उघडून पाहिली.

"हीच घ्या. थंडीची कापडं मावत्याल हिच्यात," ती म्हणाली.

आदिनाथ सुप्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. त्याच सुमारास केडगावचा एक एजंट गावात आला. रशियातले पुष्कळ तरुण लढाईवर गेलेत, रस्ते झाडायला आणि बर्फ उचलायला माणसं मिळत नाहीत, असं तो सांगत होता. "लढाई लांब हाय. तुमाला तिचा वाराबी लागायचा न्हाई," असा त्यानं शब्द दिला.

निघायच्या दिवशी केशरबाई, म्हणजे आदिनाथची आई, ओट्यावर बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला तिला सारखं नगरच्या दवाखान्यात न्यावं लागे. हे काम थोरला भाऊ कल्याण करायचा.

"तू बिनघोर जा. आईचं मी बघतो," कल्याण म्हणाला. तेव्हा तो मनापासून बोलत होता, हे मी शपथेवर सांगेन.

आम्ही व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात पोहोचलो. तिथं गेल्यावर समजलं, की लढाई लांब असली तरी तिची सावली प्रत्येक घरात शिरलेली असते. आदिनाथनं इथून नेलेलं बँकेचं कार्ड तिथल्या एकाही यंत्रात चालेना. लढाईमुळं परदेशी कार्ड कंपन्यांनी रशियाशी व्यवहार तोडले होते. पगार घरी पाठवायचा तर आज ही बँक नाही म्हणे, उद्या ती. कामगारांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, कारण तिचा सुटा भाग परदेशातून येत नव्हता. आदिनाथनं मला पायऱ्यांवरून आठव्या मजल्यावर ओढत नेलं, त्यात माझं एक चाक निखळलं. ड्रोन, म्हणजे बिनमाणसाची लढाऊ विमानं, येऊ लागली, की त्यांना वाट सापडू नये म्हणून मोबाईलचं इंटरनेट तोडत. व्हॉट्सॲपवरून घरी फोनच लागेना. मोबाईलमधला नकाशा तर एकदा आदिनाथला भर नदीत उभा दाखवत होता, आणि तो बिचारा चौकात झाडू मारत होता!

त्याच्या टोळीची मुकादम गालिना नावाची म्हातारी होती. तिचा मुलगा लढाईवर होता. बहीण युरोपात दिलेली. पूर्वी विमानानं सकाळी निघालं की दुपारी बहिणीकडं जेवायला. आता थेट विमानंच बंद, म्हणून दोघींची भेट युद्ध सुरू झाल्यापासून झाली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती आदिनाथला बहिणीचा फोटो दाखवायची आणि मग कुणी पाहत नाही ना, असं वळून बघायची.

क्वचित फोन लागला की आदिनाथ हे सारं कल्याणला सांगे. पलीकडून कल्याण हसे.

"लिफ्ट युद्धामुळं बंद? मग आपली हिरीवरची मोटार जळली तीबी युद्धामुळंच का रं?"

पहिल्यांदा ते हसणं थट्टेचं होतं. पुढं पुढं त्याला धार चढली. कल्याणही थकला होता. आईला उचलून गाडीत घाला, दवाखान्यात दिवसभर बसा, परत आणा. त्यात धाकट्याचे पैसे अडकलेले आणि फोन बंद. कल्याणला वाटू लागलं, की हा तिकडं मजेत राहून थापा मारतोय.

हिवाळ्यात एका सकाळी आरतीचा निरोप कसाबसा पोहोचला: आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, काही खरं नाही, निघा. आदिनाथनं कपडे माझ्यात कोंबले. गालिना आमच्यासोबत विमानतळावर आली. मॉस्को, मग दिल्ली, मग पुणे असा प्रवास होता. पण आत शिरताच पाहिलं, तर विमानांच्या वेळांचा फलक लालेलाल! ड्रोन आले होते आणि एकही विमान उडणार नव्हतं. माणसं जमिनीवर कोट अंथरून पडली होती. लेकरं रडून रडून दमली होती. गालिना रेल्वेची चौकशी करून आली. तिथलीही तिकिटं संपली होती.

आदिनाथच्या फोनमधला बॅलन्स संपला होता. गालिनानं आपला फोन त्याच्या हातात ठेवला. फोन लागला. आवाज इतका मोठा होता, की मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दादा, मी विमानतळावर हाय. समदी विमानं थांबवल्यात. वर ड्रोन आल्यात."

"आता ड्रोन का? आधी बँक बंद, मग फोन बंद, मग लिफ्ट बंद. आता आभाळच बंद झालं व्हय?"

"आईची आन, दादा!"

"तिची आन घिऊ नगं. ती हितं जीव सोडतीय. तुला यायचं न्हाई, आसं सरळ म्हन की."

"तिला फोन दे. एकदाच बोलू दे."

"कशाला? तिलाबी थाप मारायला?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कल्याणनं उचलला नाही. गालिनाला मराठीचा शब्द कळत नव्हता, पण तिनं आदिनाथचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. थोड्या वेळानं आदिनाथ उठला आणि त्या गर्दीचं, लाल फलकाचं, धोक्याच्या भोंग्याच्या आवाजाचं मोबाईलवर चित्रण करत राहिला. दादाला दाखवू, म्हणजे त्याला पटेल, असं काहीसं पुटपुटत होता.

विमान सुटलं तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही गावात शिरलो तर अंगणात कल्याण बसलेला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते. आदिनाथच्या हातून मी खाली पडले.

"आला का पाव्हना?" कल्याण म्हणाला. "आभाळ उघडलं वाटतं."

घरात काय घडलं ते आरतीनं सांगितलं. केशरबाई सारखी विचारत होती, आदी निघाला का? कल्याण तिला म्हणाला, "त्याला न्हाई यायचं, आई. म्हनतो आभाळात बाँब फिरत्यात." केशरबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आरती चमच्यानं पाणी पाजायला गेली, तर तिचा हात म्हातारीनं ढकलून दिला.

"म्हनल्या, त्याच्या बायकूच्या हातचं पानी नगं," आरती रडत सांगत होती. "आन म्हनल्या, त्यो आला तरी माझ्या राखंला त्याला शिवू दिऊ नका."

 आदिनाथनं मोबाईल काढून कल्याणच्या पुढ्यात धरला. कल्याणनं सगळं पाहिलं. भोंगा वाजला तसा त्याचा चेहरा उतरला.

"हे खरं हुतं?"

"तवाबी खरंच सांगत हुतो, दादा."

"आता मला दाखवून काय उपेग?" कल्याणनं मोबाईल परत सारला. "तिला दाखवायचं हुतं."

"तू फोन दिला न्हाईस तिला." आदिनाथ खाली बसला. "दहाव्याला चारचौघांत एवढंच सांग, की माझी चुकी न्हवती. मला तिला पानी देऊ दे."

कल्याणनं मान हलवली. आदिनाथला वाटलं, तो हो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

दहाव्याच्या सकाळी भाऊबंद अंगणात जमले. केशरबाईचा भाऊ रंगनाथ सगळ्यांत वडील. तो म्हणाला, "बहिनीचा शेवटचा शब्द हाय, आदिनाथनं शिवायचं न्हाई. कल्याण, तुझं काय म्हननं हाय?"

सगळे कल्याणकडं पाहू लागले. खरं सांगावं, तर मरत्या आईला आपण काय सांगितलं, तेही सांगावं लागणार होतं. कल्याणनं धाकट्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"आईचा शब्द हाय, मामा. मी काय म्हननार?"

सगळे नदीवर गेले. आदिनाथ अंगणात माझ्यावर बसून राहिला. मी अनेक ओझी वाहिली, मित्रांनो, पण तसं जड माणूस माझ्यावर कधी बसलं नव्हतं.

दुपारी आरती परत आली. पिंडाला कावळा शिवेना, असं तिनं सांगितलं. बाईचं मन कशात अडकलंय, असं मामा विचारत होता. कुणी म्हणालं नातीचं लग्न, कुणी म्हणालं गाय. ज्याला ठाऊक होतं तो कल्याण हात जोडून गप्प उभा राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला लावला.

त्याच संध्याकाळी कल्याणनं मला उचलून माळ्यावर टाकलं. आदिनाथ पुन्हा कुठं गेला नाही. दोघे भाऊ एकाच अंगणात राहतात. गावाला कल्याण हा सेवा करणारा मुलगा आहे आणि आदिनाथ हा न आलेला. आदिनाथ आता कमी बोलतो. नळाला पाणी आलंय, एवढंच सांगायचं असलं तरी शेवटी "खरंच" म्हणतो. मला ते माळ्यावरही ऐकू येतं.

मित्रांनो, बॅगा झाडा-पुसा, त्यांना उंदरांपासून जपा, असं मी सांगायला हवं. पण माझी विनवणी निराळी आहे. घरचं कुणी दूर अडकून पडलं आणि त्याचं म्हणणं पटेनासं झालं, तर रागवा, हवं तर भांडा. पण वाट पाहणाऱ्या माणसाच्या कानाला तो फोन लावा. काय ऐकायचं आणि किती मानायचं, ते त्या माणसाला ठरवू द्या.