कुंकवाच्या खुणेची अंडी

साळूने खोक्याचं झाकण सरकवलं, एक अंडं उचललं आणि मिटल्या पापणीला लावलं. ऊब बरोबर होती. मग तिने एकेका अंड्यावरची कुंकवाची खूण खाली केली. सकाळी खूण वर, संध्याकाळी खाली. म्हणजे फिरवायचं राहिलेलं लगेच कळतं.

अंडी उबवायला कोंबडी लागते, हे हसनाबादच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे मात्र चहाच्या खोक्यात मधोमध पत्रा, पत्र्यावर कापूस आणि अंडी, खाली कंदील आणि वाटीभर पाणी. शेजारच्या नंदाबाईने विचारलंच होतं, "पिल्लं मंग कंदिलाला माय म्हणतील काय गं?"

अंडी गिनी कोंबडीची होती. साळूचा भाऊ कडूबा छावणीतल्या बंगल्यावर माळीकाम करायचा, त्याने ती आणून दिली. ही कोंबडी साप दिसला की आळी डोक्यावर घेते. रझाकारांच्या धामधुमीतून वाचलेल्या साळूच्या नवऱ्याला, श्रीपतीला, पुढे कडब्याच्या गंजीत साप चावला. तेव्हा ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. आता घरात साळू आणि तिची सासू झुंबरबाई, दोघीच होत्या.

कोळशाची खूण कापसाला पुसली जायची. म्हणून झुंबरबाईंनी कोनाड्यातून साळूचाच जुना करंडा काढला आणि कुंकू तेलात कालवून पुढे केलं. साळूचा हात उठेना.

"आत्याबाई, मी कसं शिवू?"

"तुला लावाया कोण सांगून राह्यलं? अंड्याला लाव. जल्दी कर, गार होतेत."

कडूबाने अंड्यांबरोबर एक स्थळही आणलं होतं, घनसावंगीचं. साळूचा पाट लावायचा निरोप झुंबरबाईंनीच त्याला धाडला होता. "पिल्लं निघू द्या, मंग सांगते," म्हणून साळूने वेळ मारून नेली. म्हातारीला एकटं कसं टाकायचं, हा प्रश्न होताच. पण तिला जावंसं वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

माजघरात भरदिवसाही अंधार असायचा. खोक्याच्या फटींतून पिवळा उजेड भुईवर सांडायचा. त्या उबेत साळूचा डोळा लागला, की आपणच कवचात आहोत आणि बाहेर कुणीतरी आपल्या नावाने हाका मारतंय असं तिला वाटायचं. एका दुपारी ती अशीच दचकून उठली. टकटक थांबली नव्हती. ती खोक्यातून येत होती.

"आत्याबाई!"

दोघी खोक्यावर वाकल्या. एक कवच खुणेपाशीच तडकलं. ओलं, पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू लटपटत बाहेर आलं आणि नारिंगी पायांवर उभं राहायला धडपडू लागलं. मग दुसरं, मग तिसरं. साळू हसत होती, रडतही होती. कवचांचे तुकडे वेचता वेचता तिने बोटांनी कपाळावरचा घाम निपटला.

झुंबरबाईंनी मान वर केली आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं?"

"काही न्हाई. घाम आलाय."

त्यांनी पदराने तिचे गाल पुसले, हनुवटी पुसली. कपाळावर लागलेलं लाल तेवढं तसंच राहू दिलं. मग एक पिल्लू उचलून त्यांनी ओंजळीत धरलं.

"दोन माझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "बाकीची संगं घेऊन जा. घनसावंगीलाबी कडब्याच्या गंज्या असतीलच."