बाईसाहेबांची मीटिंग

आजी गेली आणि तिच्यामागोमाग चिंगीचं शहाणपणही गेलं. पावणेतीन वर्षांची पोर चांगली भांड्यावर बसायला लागली होती; आता दोन महिने पुन्हा नॅपीत. पाळणाघराला रोज चार द्यायच्या, रात्रीची वेगळी. चिंगीची आई कपड्यांच्या दुकानात पँट्स आखूड करून द्यायची. दिवसभर मान मोडून काम केलं की नॅपीचं एक पाकीट यायचं, आणि ते बघता बघता संपायचं.

उपाय करून ती थकली होती. बदकाचं भांडं बाथरूममध्ये मांडलं, नळ सोडला, लाडीगोडी लावली. चिंगी बसायची, आजूबाजूला बघायची, उठायची आणि दारामागे जाऊन कार्यभाग उरकायची.

शेवटी औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "तुझ्या आईची ती संडासाचा डबा लावलेली खुर्ची पडून आहे ना? एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना हवी आहे. बदल्यात नॅपीची दोन पाकिटं देतो."

"तीन द्या."

"खुर्ची आहे, सिंहासन नव्हे."

"आई बसली की सिंहासनच व्हायचं, काका. घरात कुणाची हलायची टाप नव्हती."

काका तीनवर आले.

शनिवारी सकाळी तिने मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवरची चादर काढली. दोन महिने तिला ती काढायला जमलं नव्हतं. खुर्ची बाहेर ओढली, पुसली. खुर्चीच्या हातांवरच्या रबरावर आईच्या पकडीने पडलेले खळगे होते. तेवढे पुसायचे तिने टाळले.

मागून खरखर आवाज आला. चिंगी बदकाला मानेला धरून ओढत आणत होती. तिने ते खुर्चीशेजारी लावलं, चड्डी काढली आणि बसली. मग खुर्चीवर थाप मारली.

"बस."

"मी?"

"मीटिंग आहे."

"कसली गं?"

"आजी इथे. मी इथे. आजी म्हणते, बोला बाईसाहेब."

ती कामावर असायची तेव्हा आजी-नातीचं हे असं चालायचं तर. आजी घरात असताना तिने कधी विचारलंच नव्हतं, तू हे जमवतेस तरी कसं. तिने खुर्चीचं झाकण लावलं आणि बसली. बोटं आपसूक खळग्यांत गेली. 

"बोला बाईसाहेब."

बाईसाहेबांनी पाळणाघरातल्या मांजराची हकीकत सुरू केली. मध्येच थांबल्या. भांड्यात बारीक धार वाजली. दोघी ऐकत राहिल्या.

तेवढ्यात काका तीन पाकिटं घेऊन दारात. तिची मूठ खुर्चीच्या हातावर आवळली. मग सैल झाली. कोण्या म्हाताऱ्याची अडचण होत असणार.

"चिंगी, ही खुर्ची एका आजोबांना देऊ? मी माझं शिवणाचं स्टूल घेते."

चिंगीने विचार केला. "मीटिंगला येशील?"

"रोज."

"दे मग."

तिने स्टूल आणून बदकाशेजारी ठेवलं. काकांच्या हातातलं एकच पाकीट घेतलं. "बाकीची दोन राहू द्या तुमच्याकडे. लागली तर येईन."

"म्हणजे तीनवरून एकावर उतरलीस की," काका म्हणाले आणि खुर्ची उचलून निघाले.

"काका," चिंगी बदकावरून म्हणाली, "दार लावा. आमचं चाललंय."