दातात धरलेली शेंडी

शेंडीवाला नारळ, एक.

सगळ्यात हलका गिअर.

आप्पांचा डावा गुडघा.

चार वळणं, पावणेदोन किलोमीटर, सगळा उभा चढ.

"पोरीचा मान सासरी."

हे शेवटचं तेजस म्हणाला, नमिताचा धाकटा भाऊ. डोंगरावरच्या वाडीत गावदेवीच्या जत्रेचा पहिला नारळ कोपरखैरण्याच्या त्यांच्या घराचा. नियम एकच. पायथा सोडला की नारळ जमिनीला टेकायचा नाही. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, तीस वर्षं तो सायकलच्या हँडलला फडक्यात बांधून नेला. यंदा गुडघा गेला.

"सायकलवर नेलास, न टेकवता, तर मान तुजा," आप्पा नमिताला म्हणाले. "टेकला तर तेजसचा." आणि दुसरा नारळ घेतलेल्या तेजसच्या गाडीत जाऊन बसले.

पहिलं वळण. शिव्या मनात.

दुसरं वळण. शिव्या तोंडात. मागून हॉर्न. तेजसने काच खाली केली.

"ताई, धक्का मारू?"

"तोंड आवर, नायतर पंप फेकून मारीन."

तिसरं वळण. चेन उतरली. हिसक्याने फडक्याची गाठ सुटली, नारळ निसटला, तिने झेलला. आता चेन बसवायला दोन हात हवेत आणि नारळ ठेवायला जागा नाही. तिने शेंडी दातात धरली. सायकल उलटी केली, चेन बसवली. तोंडात काथ्या, बोटांना ग्रीस, डोक्यात आग. गाडी बाजूने हळू गेली. आप्पांनी काचेतून पाहिलं. नीट पाहिलं.

चौथं वळण ती नारळ दातात तसाच धरून चढली.

वर सगुणाआजी. देवीची पूजा तिच्याकडे.

"टेकला का गो?"

"नाय."

"टेकला," तेजस म्हणाला. "तिसऱ्या वळणावर थांबलेली ही. मी बघितलं."

"आप्पा, तुम्ही सांगा."

आप्पा गुडघा चोळत राहिले. "देवीपुढं भांडन नको. तेजस, फोड तुजा."

फट्.

सगुणाआजीने खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. नमिताने घेतला नाही. आपला नारळ पुन्हा हँडलला बांधला, दोन गाठी मारून.

"याची चटणी करीन," ती आप्पांना म्हणाली. "तुमच्या ताटात वाढणार नाय."

पहिल्या वळणावर तेजस व्हिडिओ काढायला उतरला तेव्हा त्याने आपला नारळ रस्त्याकडेला मातीत ठेवला होता, आणि तो तिथे राहिलाय याची आठवण आप्पांनीच करून दिली होती.