लाल शिक्क्याची नोट

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकन नोट आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली मला. तेव्हा तिकडे ज्या त्या बँकेने आपापल्या नोटा छापाव्यात, अशी रीत होती. माझ्यावर धान्याच्या राशीत बसलेली एक सुंदर बाई कोरली आणि खाली वचन छापलं: ही नोट आणणाऱ्याला सोनं-चांदी देऊ. सरकारी तपासनीस आला की बँकेचा मालक त्याला पेट्या उघडून दाखवायचा. वर नाण्यांचा थर, खाली नुसते खिळे! शेवटी बँक बुडाली. मला हातात घेऊन माणसं बंद दारासमोर उभी राहिली. त्यांचे चेहरे मी अजून विसरले नाही.

फार वर्षांनी उरणच्या गणू खलाशाने परदेशातल्या एका बंदरात, जुन्या बाजारात मला पाहिलं. "ही तं आपली लक्षुमी हाय! लुगडं तेवढं इलायती नेसलीय," असं म्हणत त्याने मला घरी आणलं. त्याची बायको शांती दर दिवाळीला मला पाटावर ठेवून कुंकवाचं बोट लावायची. इतका मान मला माझ्या देशात कधी मिळाला नव्हता. गणू गेला, घर पनवेलजवळ विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये आलं, तरी तिचं कुंकू चुकलं नाही.

शांतीची सून विनिता. तिची मुलगी इरा चार वर्षांची. पनवेलच्या चांगल्या शाळेत इराचं नाव घालायचं, म्हणून विनिताने शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. ते थोडे कमीच पडत होते. अशात मोबाइलवर जाहिरात दिसली: जुन्या नोटा विका, लाखो मिळवा. तिने माझा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"ताई, नशीब काढलंत! हा लाल शिक्का फार रेअर असतो. आठ लाख फिक्स. फक्त रजिस्ट्रेशनची फी भरा, आजच्या आज."

विनिताने बाल्कनीचं दार लोटून घेतलं. घरात सगळ्यांना एकदम सांगून चकित करायचं होतं ना! शाळेचे पैसे गेले. मग तो नंबर लागेचना.

संध्याकाळी ती रडत सासूला म्हणाली, "आई, लाल शिक्का आहे म्हणाला हो तो!"

"कसला शिक्का गो? त्ये कुंकू हाय! मीच लावलंय." शांतीला आधी हसूच फुटलं. मग सुनेचा चेहरा पाहून तिने तिला जवळ घेतलं.

पोलिसांत तक्रार झाली, पैसे काही परत आले नाहीत. जूनमध्ये शेजारची मुलं नवी दप्तरं घेऊन निघाली, तेव्हा इरा दारातून नुसतीच टाटा करत राहिली.

मित्रांनो, मी कुणाला फसवलं नाही. माझं रूप पुढे करून दुसऱ्यांनीच फसवलं, दोन्ही वेळा. तरी सल मलाच लागून राहिला आहे. म्हणून एवढंच मागते: कुणी गोड बोलून घाई करू लागला, तर आधी घरात मोठ्याने हाक मारा. त्या दुपारी शांती भिंतीपलीकडे बोंबील साफ करत होती. विनिताने एक हाक मारली असती, तर ती ओल्या हातांनीच धावत आली असती.