न घेतलेलं पाणी

"तुम्ही घरी बसून काही काम करता का?" जगदाळे सरांनी विचारलं.

"नाय बा. आम्ही आपल्या घरीच असतो," अंजना म्हणाली आणि पलंगावर जरा पुढे सरकून बसली. पलंगाखाली जीन्सचा गठ्ठा होता. त्यावर घाईघाईने चादर टाकलेली होती.

सरांनी फॉर्मवर फुली मारली. दाराशी उभ्या असलेल्या अस्मिताला ती स्पष्ट दिसली. महिन्याभरापूर्वी याच अंजनाने तिला बोटांचे घट्टे दाखवले होते. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्स यायच्या आणि त्यांचे लोंबणारे धागे ही दिवसभर कापत बसायची. आता ती अस्मिताकडे बघतही नव्हती.

"आता तरी पाणी घ्या, साहेब." तिने मघाचाच ग्लास पुन्हा पुढे केला.

"नको, नको," म्हणत सर उठले.

त्याआधीच्या घरी वेणूबाईंनीही 'नाही'च सांगितलं होतं, आणि त्याच्या आधीच्या घरीही तेच.

अस्मिता अंबरनाथच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची. म्हणजे तास झाला तर पगार, आणि दिवाळीची सुट्टी लागली की हात हलवत घरी. पीएच.डी. झाली तरच ती कायम होण्याची आशा होती. विषय होता घरबसल्या काम करणाऱ्या बायका. वस्तीतल्या बहुतेक बायका काम करतात, असं तिचे फॉर्म सांगत होते. मार्गदर्शक जगदाळे सर आज स्वतः फेरतपासणीला आले होते. उत्तरं जुळली नाहीत तर तिने फॉर्म घरी बसून खोटेच भरले असं ठरणार होतं. मग उद्या प्रगती अहवालावर सही नाही, आणि सही नाही तर नोंदणी रद्द. सरांनी येतानाच बजावलं होतं, "घरं दाखवायची. तोंड उघडायचं नाही. बायकांना आधी काही सांगायचंही नाही."

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. समाज आपल्या बाहेर असतो, तो मोजायचा, आणि कुणीही मोजला तरी माप तेच यायला हवं, यावर त्यांची श्रद्धा होती. हा प्रत्यक्षार्थवाद ते वर्गात तीन-तीन तास रंगून शिकवत. माणसं आपल्या वागण्याला काय अर्थ लावतात ते आधी समजून घ्या, असं म्हणणाऱ्यांचाही एक पंथ आहे. तो ते एका तासात उरकत, घरातल्या दारुड्या मेहुण्याबद्दल बोलावं तशा आवाजात. उत्तर देणाऱ्याच्या घरी ते पाण्याचा थेंबही घेत नसत. "चहा घेतला की उत्तर गोड होतं," असं त्यांचं म्हणणं. अस्मिताला हा नियम पाठ होता, त्यामुळे आज प्रत्येक घरातून भरलेला ग्लास तसाच परत जातोय, हे तिला दिसलंच नाही.

शेवटचं घर आलं. हे तिचंच घर होतं. पाहणीसाठी ठरावीक अंतराने एकेक घर निवडलं तेव्हा तेही यादीत आलं. आपलं म्हणून ते वगळणं तिला लबाडी वाटली होती. सरांना सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

भीमाबाई दारात आल्या. लेकीला पाहून त्यांचा चेहरा फुलला, पण तिने नजर खाली घातल्यावर त्याही अनोळखी असल्यासारख्या आत वळल्या. त्यांनी स्टुलावर स्टीलचा ग्लास आणून ठेवला, काठोकाठ भरलेला.

"पाणी घ्या, साहेब."

"नको. तुम्ही घरी बसून काही काम करता का?"

भीमाबाईंनी ग्लासाकडे पाहिलं, मग सरांकडे.

आई, हो म्हण. अस्मिता मनातल्या मनात विनवत होती. इथेही पलंगाखालच्या गठ्ठ्यावर चादर टाकलेली होती, तिच्या हाताच्या अंतरावर. एक झटका दिला असता तर सगळं सिद्ध झालं असतं. तिचा हात पुढे झालाही. पण परक्या माणसासमोर आईला खोटं पाडायचं? तिने हात मागे घेतला.

"नाही," भीमाबाई म्हणाल्या. "मी काही करत नाही."

फुली पडली. सर वळले आणि भिंतीपाशी थबकले. बुद्धाच्या तसबिरीखाली पदवीच्या झग्यातला अस्मिताचा फोटो होता.

"ह्या तुमच्या आई?"

"हो, सर."

"ह्यासुद्धा नाही म्हणाल्या." सरांनी पेनाला टोपण लावलं. "आता मी काय समजू?" उत्तराची वाट न बघता ते बाहेर पडले.

"आई! अंजनाकाकी, वेणूमावशी... सगळ्या नाही म्हणाल्या. तूपण? का?"

"का म्हणजे?" भीमाबाई उसळल्या. "घरचं पाणी चालत नाही त्यांना, आणि घरातलं मी सांगू? गावाला मतं मागायला यायचे ना, ते असेच. गोड बोलायचे, पण ग्लासाला हात लावायचे नाहीत. अंजनाने मघाशीच हाक मारून सांगितलं मला, साहेब पाणी घेत नाही म्हणून."

अस्मिता चपला न घालताच धावली.

रिक्षा स्टँडजवळच्या टपरीवर सर चहा पीत उभे होते. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. सरांचा ग्लास ओठांजवळ थांबला.

"अहो, मी कुणाकडेच घेत नाही. सख्ख्या भावाकडे सर्व्हेला गेलो तरी घेणार नाही."

"मला माहितीये, सर. त्यांना नाही माहीत."

"मी जात-बित मानत नाही, अस्मिता."

"तेही मला माहितीये."

सरांनी ग्लास टपरीच्या फळीवर टेकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं मी घराघरांत जातोय. अशा वस्त्यांमध्ये कितीदा गेलो असेन. तुमचं हे मान्य केलं, तर त्या सगळ्या उत्तरांचं मी काय करू?"



"सही मला जमणार नाही," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. अर्धा चहा तसाच ठेवून ते रिक्षात बसले.

ती घरी आली तेव्हा दार लोटलेलं होतं. भीमाबाई गठ्ठा पुढ्यात घेऊन धागे कापत होत्या.

"काय म्हणाले?"

"ते कुणाकडेच पाणी घेत नाहीत, आई. नियम आहे त्यांचा."

भीमाबाईंचा हात थांबला. "मग सांगायचं ना तसं. तोंड होतं ना त्यांना?" आणि जरा वेळाने, "सही?"

"नाही केली."

भीमाबाईंनी कटर खाली ठेवला. "माझ्यामुळे गं?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

 स्टुलावरचा ग्लास अजून तसाच होता. अस्मिताने तो उचलला, सगळं पाणी संपवलं, आणि आईशेजारी बसून गठ्ठ्यातली एक जीन्स स्वतःच्या मांडीवर ओढली.