आदरार्थी बहुवचन

लेकीनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरून आईच्या पुढ्यात सरकवला आणि स्वतः खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर एक पांढरी चौकट होती, तिच्याखाली हिरवं बटण आणि बटणावर एकच शब्द, 'तपासा'. आईनं चष्मा पुसला, तर्जनी उचलली आणि बटणाच्या अलीकडेच थांबवली.

"बिघडणार नाही ना काही?"

"दाब गं."

आईनं दाबलं. चौकटीतल्या फ्रेंच मजकुराखाली लाल रेघा उमटल्या आणि शेजारी दुरुस्त केलेला मजकूर आला. आई एकेक शब्द ताडून पाहू लागली. घराचं लिंग चुकलं होतं, घड्याळाचं चुकलं होतं, एका क्रियापदाची शेपटी राहिली होती. हे सगळं तिनं मुकाट्यानं मान्य केलं. मग तिचं बोट एका ओळीवर अडलं.

"हे काय? मी 'मे मारी' लिहिलं होतं. यानं 'मों मारी' केलं. ह्यांना एकेरीवर आणलं की गं!"

"बरोबर आहे ते. नवऱ्याला एकवचन."

"अगं, चांगले मोठे आहेत ते माझ्याहून."

"असू देत. फ्रेंचला त्याचं काही नाही."

सोफ्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले, "मला चालेल."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आई म्हणाली, पण ओळ तिनं तशीच राहू दिली.

हा सगळा खटाटोप विहीणबाईंसाठी होता. दादानं परदेशात लग्न केलं, ते इथल्या सगळ्यांनी पडद्यावरच पाहिलं, सून गोड निघाली, पण तिच्या आईला फ्रेंचखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मग दोन विहिणींचं बोलणं दादाच्या तोंडून व्हायचं, आणि दादाला लहानपणापासून बोलायचा कंटाळा. विहीणबाई पडद्यावर पाच मिनिटं हातवारे करून काहीतरी सांगत, हसत, मध्येच डोळे टिपत, आणि दादा म्हणे, "त्या म्हणतायत, सगळं छान आहे." आईला ते सहन होईना. तिनं लेकीची कॉलेजातली फ्रेंचची पुस्तकं माळ्यावरून काढली, फोनवर धडे लावले, आणि वर्षभरात विहीणबाईंना थेट लिहायला लागली. मध्ये कुणी नको, ही तिची अट होती. एकदा दादा तिचा एक मजकूर वाचून फोनवरच हसत सुटला, तेव्हा तिनं पुढचा महिनाभर पेनाला आणि फोनला हात लावला नव्हता.

विहीणबाईंची सुरुवातीची उत्तरं लांबलचक असत. बाग, मांजर, गुडघे. मग ती आखडत गेली, आणि आता दोन ओळींवर आली होती. आईनं ते मनाला लावून घेतलं.

"माझ्या फ्रेंचला विटल्या त्या," ती म्हणाली होती. "मुलाच्या सासूशी दोन शब्द धड बोलता येऊ नयेत, म्हणजे काय?"

लेक पोटापाण्यासाठी ॲपच बनवायची. तिनं शनिवार-रविवार यात घातले. फ्रेंच व्याकरण तपासणारी तयार सेवा होतीच, तिला ही चौकट आणि बटण जोडलं की काम झालं असतं. परीक्षा घ्यायला म्हणून तिनं आईचे जुने मजकूर मागून घेतले, आणि तिथं तिला आईचं स्वतःचं एक व्याकरण सापडलं. मराठीतले पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी शब्द आईनं जसेच्या तसे पलीकडे नेले होते. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, तेव्हा आपल्याकडच्या नपुंसकलिंगी मंडळींची सोय लावणं भाग होतं. जे बाबांचं ते पुल्लिंगी, जे आईचं ते स्त्रीलिंगी. घर बाबांच्या नावावर, म्हणून पुल्लिंगी. पुस्तकं आई वाचते, म्हणून स्त्रीलिंगी. पण फ्रेंचमध्ये पुस्तक स्त्रीलिंगी केलं की त्याचा पौंड होतो, वजनाचा. 'दुपारी मी एक पौंड वाचते,' असं आईनं विहीणबाईंना कळवलं होतं.

हे सगळं सेवेनं अचूक पकडलं. एका परिच्छेदाखाली मात्र एकही लाल रेघ आली नाही. चूक नाही, असा शेरा पडला. लेकीला नवल वाटलं. तिनं कॉलेजातलं फ्रेंच आठवून तो परिच्छेद स्वतः वाचला.

'माझे नवरे फार प्रेमळ आहेत. जेवण झालं की ते झोपतात. माझे नवरे इतके घोरतात, की मी शेजारच्या खोलीत जाते.'

व्याकरण निर्दोष होतं. लेक न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोट दुखेपर्यंत हसली. तोंड धुऊन परत आल्यावर तिनं उरलेले मजकूर चाळले. सगळीकडे तेच. आईनं वर्षभर बाबांचा मान राखला होता. हे तिला सांगितलं असतं तर तिनं पुन्हा लिहिलंच नसतं. तेव्हा लेकीनं सांगितलंच नाही. ॲपमध्ये तिनं आपला एक नियम घातला, की नवरा अनेकवचनी दिसला की त्याला एक करायचं, क्रियापदासकट.

घरच्या लॅपटॉपवर चालणारं ॲप आईच्या फोनवर चालवणं मात्र सोपं गेलं नाही. सर्व्हरवर चढवल्यावर पहिल्यांदा फ्रेंच अक्षरांच्या डोक्यावरचे सगळे तिरके फराटे जाऊन तिथं प्रश्नचिन्हं आली. ते निस्तरलं. सर्व्हर फुकटातला होता, कुणी वापरत नसलं की झोपी जायचा, आणि त्याला जागं व्हायला वेळ लागायचा.

"उठलं का गं ते?" आई फोन हातात धरून विचारायची.

"माझ्यावर गेलंय," बाबा म्हणायचे.

अखेर ते उठलं. आईनं भलामोठा मजकूर लिहिला, तपासला, पुन्हा तपासला आणि धाडून दिला. लेकीला तिनं फक्त शेवटची ओळ दाखवली. 'माझा नवरा बरा आहे आणि तुम्हाला नमस्कार सांगतो.' 'सांगतो' वाचताना तिला स्वतःलाच लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना फोन वाजला. विहीणबाईंचं उत्तर होतं. आईनं अंगठ्यानं पडदा वर सरकवला, आणखी सरकवला, तरी मजकूर संपेना.

"एवढं मोठं? तूच वाच गं."

लेकीनं फोन घेतला आणि थांबत थांबत मराठी करत वाचायला लागली.

"'प्रिय मैत्रिणी, तुमचं पत्र वाचून मी रात्रभर तळमळले. आतापर्यंत तुम्ही नेहमी तुमच्या नवऱ्यांबद्दल लिहीत होतात...'" लेकीनं ओठ घट्ट मिटले आणि श्वास घेतला. "'तुमच्याकडची रीत मला ठाऊक नाही, आणि अशा गोष्टी विचाराव्यात की नाही तेही कळत नव्हतं. जावयाला विचारायला संकोच वाटला. म्हणून मी थोडकंच लिहीत होते. काल मात्र तुम्ही एकाच नवऱ्याचं लिहिलंत. लग्नाच्या दिवशी पडद्यावर ओळीनं बसलेले तिघे मला आठवतात. बाकीच्या दोघांचं काय झालं, हे विचारायचं धैर्य नाही. मी तुमच्या दुःखात सहभागी आहे.'"

"तिघे कोण?" आई म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी आणि माझे दोघे भाऊ. दुसरं कोण बसलं होतं ओळीनं?"

आईनं तोंडावर हात घेतला. मग लेकीकडे पाहिलं, आणि लेकीच्या चेहऱ्यावरून तिला 'मे मारी'चा सगळा उलगडा एकदम झाला. ती खाली बसली. रडते की काय म्हणून लेक पुढे धावली, तर आईचे खांदे हसण्यानं गदगदा हलत होते. बाबांना आधी ठसका लागला आणि मग तेही सुटले. चहा उतू गेला.

"दोघांनाही कळवायला हवं," बाबा डोळे पुसत म्हणाले. "वारल्याचं."

"पुढं आहे अजून," लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "'मला एकच नवरा होता. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्याविषयी मला कुणी विचारत नाही, लेकीला रडू येतं म्हणून मीही बोलत नाही. तुम्ही घोरण्याचं लिहिलंत. मीही उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आता माझ्या खोलीत फार शांत असतं, आणि मला झोप लागत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कळेल असं वाटलं.'"

बाबांनी उठून गॅस बंद केला आणि ओटा पुसायला घेतला.

आईनं फोन मागून घेतला. ती खिडकीपाशी बसून बराच वेळ लिहीत राहिली. लेकीनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. आईनं आधी आपल्या एकुलत्या एका नवऱ्याचा आणि ठणठणीत दिरांचा खुलासा केला होता. मग लिहिलं होतं, 'आमच्या भाषेत ज्याला मान द्यायचा, त्याला आम्ही एकटा म्हणत नाही.' आणि त्याखाली, 'तुमचे नवरे कसे होते? ते कसे दिसायचे? मला सगळं सांगा.'

"आई, तपासायचं राहिलं."

"राहिलं नाही," आई म्हणाली आणि तिनं मजकूर पाठवला.

उत्तर दुपारी आलं. या वेळी आईनं ते स्वतःच वाचलं, ओठ हलवत, अडखळत. मग तिनं फोन लेकीपुढे धरला.

"एवढी ओळ बघ गं. चूक तर नाही ना त्यांची?"

लेकीनं वाचलं. विहीणबाईंनी लिहिलं होतं, 'माझे नवरे फार उंच होते, दारातून आत येताना त्यांना वाकावं लागायचं.'

"नाही," लेक म्हणाली. "एकही चूक नाही."