लहरबाबांची पेटी आणि मावशीचा गळा

गायनशाळेत मुंगी शिरायला जागा नव्हती. लहरबाबांनी पितळी पेटीवर हात ठेवला, पडद्यावर दोनचा आकडा उमटला आणि लोकांनी हात जोडले.

"पेटीपुढे अंतर शरण येतं, माई," बाबा माझ्या आईला म्हणाले. "सेकंदाचे हजार भाग करा. त्यातल्या दोनांत आवाज जाऊन परत."

मावशी बारा हजार किलोमीटरवर. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन, नंतर आवाज राहणार नव्हता. इंटरनेटवर दोघी बहिणी गायला बसल्या की एक नेहमी मागे पडायची. शेवटचं एकदा त्यांना बरोबर गायचं होतं. मी इंटरनेटच्या काचेच्या तारा जोडणारा माणूस, पण आईला नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

बाबांनी ठेका लावला. आई गाऊ लागली आणि पेटीतून मावशीचा आवाज आला, तसूभरही मागे नाही. आईचे डोळे भरले. मला राहवेना, मी पेटीची भिंतीतली इंटरनेटची तार उपटली. मावशी गातच राहिली.

"पाहिलंत? तारेवाचूनही," बाबा म्हणाले. पहिल्या रांगेनं लोटांगण घातलं. कपाळ माझं.

मग आईच मध्ये थांबली. मावशी पुढे गेली.

"ही माझी धाकटी नव्हे," आई म्हणाली. "मी अडखळले की ती थांबते, 'ताई, झोपलीस का?' म्हणते. मला टाकून ती कधी पुढे गेली नाही."

मी पेटी उघडली. आत छोटा संगणक, त्यात याच ठेक्यावर काल 'चाचणी' म्हणून मावशीकडून गाऊन घेतलेलं गाणं. दोनचा आकडाही मावशीपर्यंत जाऊन येण्याचा नव्हता; संगणक स्वतःलाच हाक मारून तिचं उत्तर यायला लागलेला वेळ दाखवत होता.

मी सांगितलं, काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. मावशीकडे जाऊन यायला सेकंदाचा जवळजवळ आठवा भाग जाणारच. दोन हजारांशांत उत्तर देणारा दोनशे किलोमीटरच्या आतच असतो. हा तर पेटीतच बसला होता.

"तू चांगली तार जोडलीस तर?" आईनं हळूच विचारलं.

"नाही गं. प्रकाशापुढे कोणीच जात नाही."

लोकहो, कोणी अंतर मिटवलं म्हणाला तर नमस्कार नंतर करा, आधी विचारा, तार काढू का? आणि तार काढूनही चाललं, तर पेटी उघडा.

घरी आईनं फोन लावला. "धाकटे, तू म्हण, मी ऐकते." मग आपला उशिरा पोचणारा आवाज तिला अडखळवू नये म्हणून फोनचा माईक बंद करून ती मावशीच्या आवाजाबरोबर गाऊ लागली. आईच्या कानांना दोघी बरोबर होत्या. मावशीला काहीच ऐकू जात नव्हतं. गाणं संपलं, आई रडत होती, आणि तिकडून मावशी विचारत होती, "ताई, झोपलीस का?"